आईची कोंबडी, अर्धलीनं

पिशोरची वस्ती,
५ डिसेंबर २०२४

चि. लीला हिला आक्काचा जय भीम, आन आशीर्वाद तुला पुरतील तितके.

तुझं पत्र बद्रीनाथनं रिकाम्या टोपलीत घालून आणून दिलं. तो सांगत व्हता, भाजी उतरवून टेम्पो उस्मानपुऱ्यात वळवायला त्याला जड जात नाय, म्हणून इथून पुढं कागद त्याच्याच हाती दे. राजकुमार मला म्हणतो, आई, फोन असताना ही पत्रं कशाला. त्याला म्हणलं, तुझी मावशी फोन मोठ्यांदा करून ठेवते, मी इथं शिंकले तरी तिची सगळी गल्ली ऐकते. आन मी तिसरीतून उठले असले तरी मला लिहिता येतं. तू सातवी होऊन जे लिहितेस ते वाचता पण येतं.

तर तुला आता गच्चीवर कोंबड्या पाळायच्यात. दाजी गेल्यापासून घर खायला उठतं म्हणतेस. पाळ की. पण त्यासाठी आईच्या उलट्या पिसांच्या कोंबड्यांची अकरा अंडी उबवायला पाठव, हे तू असं लिहिलंस जसं काय शेजारणीकडं विरजण मागावं.

लीला, मी तुला मोजून सांगते. शाळा तुला मिळाली, कारण तुला कडेवर घेऊन शेरडं राखायला मी व्हते. नोकरीवाला नवरा तुला मिळाला. नळाचं पाणी तुझ्या मोरीत आलं तेव्हा मी विहिरीवर दोर ओढत व्हते. आता माझी नात निशा दवाखान्याचं शिकायला आली तीबी तुझ्याच घरात राहती. मला आईनं लग्नात काय दिलं, तर एक तलंग. अजून अंड्यावर आलेली नव्हती, पिसं सगळी उलटी, जशी काय उलट्या वाऱ्यात उभी हाय. त्या तलंगीचा वाण मी पन्नास वर्सं राखला. बाजारात एक भगत दर पावसाळ्यात मागं लागतो, उताऱ्याला उलट्या पिसाची दे म्हणतो. त्याला सांगते, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरचे, आमच्या कोंबडीनं कुणाची भुतं उतरत नायत. त्याला दिली नाय, तुला बरी देईन.

आज खुराड्यात चौदा हायत आन एक कोंबडा. त्यातल्या पाच आईच्या. पाचच्या पाच माझ्या.

निशाला सांग, दूध पीत जा. टोपली परत पाठव.

लोभ ठेवायचा तर ठेव, मी मागणार नाय.
तुझी आक्का
सत्यभामा


उस्मानपुरा,
११ डिसेंबर २०२४

ती. आक्काच्या सेवेशी,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. तुझा राग शाबूत आहे म्हणजे तब्येतही शाबूत असणार. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा तेवढा जिन्यावर कुरकुरतो, पण गच्चीवर जाणं मी सोडलेलं नाही.

अंड्यांचा विषय तू संपवलास, मी पुन्हा काढते. आमच्या खालच्या मजल्यावर कमरुन्निसा राहते, तुला मागे लिहिलं होतं, शिवणकाम करणारी. तिची एक कोंबडी खुडूक झाली आहे. चार दिवस रिकाम्या टोपलीवर बसून आहे, हात लावला तर फुगून येते. ती म्हणाली, अंडी तुझी, कोंबडी माझी, अर्धलीनं करू. म्हणजे पिल्लं निम्मी तिची, निम्मी माझी, आणि कोंबडी तिची म्हणून पहिली निवडही तिचीच. आपल्या गावाकडे असंच चालतं ना? मला ऐकूनच गोड वाटलं. कोंबडीचं खुडूकपण आठ-दहा दिवसांत उतरेल, म्हणून घाई करते.

आणि एक विचार कर. पाचही कोंबड्या तुझ्या एकाच खुराड्यात आहेत. उद्या रोग शिरला तर आईचा वाण एका आठवड्यात संपेल. दुसऱ्या घरी दोन-चार असल्या तर बिघडतं कुठे? मीही तिचीच मुलगी आहे, आक्का, हे तुला दरवेळी लिहून कळवावं लागतं.

निशा मजेत आहे. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी आली की ओट्याशी उभी राहून दिवसभरातल्या पेशंटांच्या गमती सांगते. मला आता ती लीलाई म्हणते. मी शिकवलं नाही, तिचं तिनेच काढलं.

पुढचं पत्र अंड्यांसोबत येईल अशा भरवशावर, लोभ आहे तसाच राहो.
तुझी
लीला


वस्ती,
१६ डिसेंबर २०२४

चि. निशाला आजीचा आशीर्वाद आन जय भीम.

हे पत्र तू एकटी असशील तेव्हा वाच. वाचून झालं की तुझ्या त्या जाड पुस्तकात खोल ठेव.

आधी हे सांग की लीलाई काय भानगड हाय. आई तुझी इथं वस्तीवर हाय, कापूस वेचून तिची बोटं फाटलीत. आजी म्हणून मी हाय. मग ही मधलीच आई कुठून निघाली? दहा वर्साची व्हईपर्यंत तू माझ्या पांघरुणात निजलीस. तुझी पहिली उलटी कोंबडी तू दप्तरात घालून शाळेत नेली व्हतीस, मास्तरच्या पुढं मी हात जोडले. लीलानं काय केलं, तर डबा. डबा कुणीबी करतं.

तर ऐक. बद्रीनाथसंगं आज टोपली पाठवली हाय, गव्हाच्या भुश्यात अकरा अंडी. तुला सांगते कारण पोटात ठेवलं तर मला घास उतरत नाय. त्यातली नऊ आपली नायत. दुकानातून पोल्ट्रीची बारकी बारकी निवडून आणली, चहापत्ती लई उकळली, आन त्या कोऱ्या चहात दुपारभर बुडवून ठेवली. अशी रंगली की माझी मीच बघत राहिले. बाजारात काही बाया असंच करून गावरान म्हणून विकतात. त्यांना मी आजवर शिव्या दिल्या, आता त्यांच्यात बसले. पोल्ट्रीच्या अंड्यात जीव नसतो, तिथं कोंबडाच नसतो. कमरुन्निसाची कोंबडी एकवीस दिवस बसंल आन रिकामी उठंल.

दोन तेवढी खरी घातली, अगदी वर. लीला लहानपणापासून तशी हाय, वरचं उचलून उजेडाला धरंल, नखानं वाजवंल. वरची दोन खरी दिसली की बाकीच्यांना हात लावणार नाय.

तिला कोंबड्या कशाला पायजेत ते मला ठाव हाय. गच्चीवर चार बाया बोलवून दाखवायला, की ही आमच्या आईची. आई माझ्या घरात गेली. माझ्या.

तू यातलं काही बोलायचं नाय. दूध पी.

तुझी आजी, एकच असलेली


उस्मानपुरा,
२२ डिसेंबर २०२४

ती. आजीस,
जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना मला तुझी लाज वाटली, हे लिहिते म्हणून रागवू नकोस. एकाच्या पत्रातलं दुसऱ्याला सांगायचं नाही हे तूच मला शिकवलंस, म्हणून मी गप्प आहे. पण जेवताना लीलाईकडे बघवत नाही.

टोपली आली त्या दिवशी मी वॉर्डात होते. घरी पोचले तोवर कोंबडी बसवूनही झाली होती, गच्चीच्या कोपऱ्यात, पोत्याच्या आडोशाला. मी खाली हात घालून बघायला गेले तर अशी चोच मारली की रक्त आलं. लीलाई म्हणाली, तिला तिचं काम करू दे. चिडली-बिडली नव्हती. उलट फार खुशीत होती, रात्री अंड्याचा रस्सा केला, सुकं खोबरं भाजून, मी दोनदा वाढून घेतला. कमरुन्निसाखालांच्या घरीही वाटी गेली.

लीलाई म्हणते कारण तिला हाक मारणारं घरात कुणी नाही, आजी. एवढंच आहे. तुझं काही कमी केलं नाही मी.

तुझ्या बकऱ्यांना आणि उलट्यांना माझी आठवण सांग. पुढच्या वेळी असलं काही सांगायचं असेल तर आधी मला विचारून मग कर.

तुझा लोभ मला आयताच मिळालाय, तो मागत नाही.
तुझीच
निशा


उस्मानपुरा,
१२ जानेवारी २०२५

ती. आक्काच्या सेवेशी,
सप्रेम जय भीम वि. वि.

आनंदाची बातमी आधी. आठ तारखेला पिल्लं निघाली. अकरातून दोनच, पण दोन तर दोन. दोन्ही काळी आहेत, कपाळावर पिवळा ठिपका. कमरुन्निसाची कोंबडी त्यांना अशी पंखाखाली घेऊन बसते की गच्चीवर कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही. पिसं उलटी फुटतात का सरळ, ते अजून कळत नाही, पंखाच्या टोकाला थोडं वळण दिसतं असं मला वाटतं. निशा म्हणते भास आहे.

बाकीच्या नवांचं काय झालं असावं असं तुला वाटतं? तुझा अनुभव दांडगा, म्हणून विचारते. टेम्पोत हादरली असतील का? का माझ्याच हातून काही चुकलं? सविस्तर लिही, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

तू अंडी पाठवलीस याचं मला फार बरं वाटलं, आक्का. मनात आणलं असतंस तर नाही म्हणू शकली असतीस.

थंडी आहे, छातीला तेल चोळत जा.

तुझ्या लोभाची सवय झालेली,
लीला


वस्ती,
१७ जानेवारी २०२५

चि. लीला हिला आक्काचा आशीर्वाद.

अकरात दोन. मी राजकुमारला वाचून दाखवलं, तोबी हसला. सरपंचाच्या सुनेनं मागल्या वर्सी पहिल्यांदाच कोंबडी बसवली, अकरात दहा काढली, आन ती तर पोरगी सोयाबीनला तूर म्हणती.

विचारलंस म्हणून सांगते. अंडी बसवायची ती गोणपाटावर नाय, राख आन भुसा मिळून खड्डा करायचा. कोंबडीला दिवसातून एकदा हुसकून दाणापाणी दाखवायचं. अंड्यांना कोळशानं खूण करायची, रोज फिरवायची. सातव्या दिवशी उजेडाला धरून बघायची, आत शिरा दिसल्या तर ठेवायची, नायतर काढायची. यातलं तू काय केलं असशील ते मला दिसतंय. पंखा लावून खुर्चीवर बसली असशील. टेम्पोला नाव ठेवू नको. बद्रीनाथ आजवर माझी अंडी नेतो, एक फुटलं नाय. काही हातांना वाण लागत नाय, त्याला शाळा शिकून उपाय नाय.

आन निशाला तू अंड्याचा रस्सा करून घालतेस म्हणे. दुकानाची अंडी! माझ्या नातीला गावरानची सवय हाय, ती फिक्क्या बलकाची अंडी तिला गोड लागली असं तिनं लिहिलं ते तुझं मन राखायला. पोरीला समज हाय.

दोन निघालीत ती जप. त्यातबी एक कमरुन्निसाची, म्हणजे तुझं एकच. एकाला कोंबड्या पाळणं म्हणत नायत.

लोभ हाय, पण तो कोंबड्यांपुरता नाय.
आक्का


वस्ती,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. निशाला आजीचा आशीर्वाद.

बैस आन वाच. मानमोडी आली.

मंगळवारी कोंबडा कोपऱ्यात मान वाकडी करून उभा दिसला, हिरवी पातळ हगवण. मला तवाच कळलं. सगळ्या वेगळ्या काढल्या, लसूण दिला, हळद दिली. राजकुमारनं जनावरांच्या डॉक्टरला आणलं, तो म्हणला आता लस देऊन उपेग नाय, ती आधी द्यायची असती. बुधवारी तीन गेल्या, गुरुवारी सात. शुक्रवारी मी मोजायचं सोडलं. आईच्या पाचातली शेवटची शनिवारी दुपारी माझ्या पायापाशी येऊन बसली. पाणी पाजलं, ते चोचीतून गळलं. पडली. मी उठून खड्डा खणला, चुना टाकला, आन पुरली. रडले नाय. कोंबडीला कोण रडतं.

पण आता सकाळी दार उघडते आन अंगणात काही हलत नाय. पन्नास वर्सांत असं अंगण मी बघितलं नव्हतं. तुझी आई भाकरीचे तुकडे अजून दारात टाकती आन मग तिचं तिलाच आठवतं.

लीलानं लिहिलं व्हतं, एकाच घरात सगळा वाण ठेवू नको. लिहिलं व्हतं. मी तिला चहात बुडवलेली अंडी पाठवली. अकराची अकरा खरी दिली असती तर आज तिथं सात-आठ आईच्या फिरत असत्या. माझ्या हातानं मी वाण बुडवला.

त्या दोन पिल्लांचं काय झालं ते मला लिही. पिसं उलटी हायत का? कोंबडी किती, कोंबडा किती? आन कमरुन्निसानं तिची निवडली का अजून?

एक सांगते, नाय म्हणू नको. त्यातली उलटी मादी असंल तर एका सकाळी लीला आंघोळीला गेली की पिशवीत घाल आन बद्रीनाथच्या टेम्पोत ठेव. लीलाला वाटंल घार घेऊन गेली. उस्मानपुऱ्यात घारी लई हायत.

आजी


उस्मानपुरा,
१ मार्च २०२५

ती. आजीस,
जय भीम.

तुझं पत्र वाचून मी वॉर्डातल्या बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या शेवटच्या उलटीला मी ओळखत होते, तिच्या उजव्या पायाला एक नख कमी होतं.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. दोन्ही जिवंत आहेत. एक नर आहे, पिसं सरळ, आत्ताच दादागिरी करतो. दुसरी तलंग, आणि तिची पिसं उलटी आहेत, आजी. मानेपासून शेपटीपर्यंत. लीलाईचा भास नव्हता. कमरुन्निसाखाला नऊ तारखेच्या रविवारी निवडणार आहेत. ठरल्याप्रमाणे पहिला हात त्यांचा. त्यांना तलंगच घ्यावी असं त्यांचा भाचा सांगतोय, कारण ती अंडी देईल.

पिशवीचं म्हणशील तर मी नाही करणार. तू सांगितलंस म्हणून एकदा गप्प बसले, तेच मला अजून टोचतं. तुला तलंग हवी असेल तर लीलाईला माग. पण मागायच्या आधी चहाचं सांग. मी सांगणार नाही, ते तुझं तूच लिही. आणि रविवारच्या आत पोचेल असं लिही. बद्रीनाथकाकांना मी सांगून ठेवलं आहे की बुधवारी तुझ्याकडे थांबून कागद घ्या.

हे पत्र मी दोनदा फाडून पुन्हा लिहिलं. पण तू मला दहा वर्षं पांघरुणात घेतलंस म्हणून लिहू शकते.

तुझीच
निशा


वस्ती,
५ मार्च २०२५

चि. लीला हिला आक्काचा जय भीम.

बद्रीनाथ दारात गाडी चालू ठेवून उभा हाय, म्हणून लांबवत नाय.

माझ्या सगळ्या कोंबड्या मेल्या. मानमोडीनं. आईच्या पाच पण.

तुला पाठवलेल्या अकरा अंड्यांत नऊ पोल्ट्रीची व्हती. मी चहात रंगवली. तुझा हात खराब नव्हता, राख-भुसा-कोळसा काही चुकलं नव्हतं. मी तुला वर शिकवायला बसले, सरपंचाची सून सांगितली, ते सगळं मी जाणून लिहिलं. तुझ्याकडं आईच्या कोंबड्या नकोत असं मला वाटलं. तुझ्याकडं सगळं हाय, निशा पण तुला आई म्हणती, म्हणून वाटलं. दुसरं कारण नाय आन मी ते सजवून सांगत नाय.

आता जगात आईची एक तलंग हाय आन ती तुझ्या गच्चीवर हाय. रविवारी कमरुन्निसा निवडणार. तिला सांग, कोंबडा घे. मी आयुष्यात तुला काही मागितलं नाय, ते तुला ठाव हाय. ही तलंग मला दे.

नाय दिलीस तर तुझं बरोबर हाय.

सत्यभामा


उस्मानपुरा,
१० मार्च २०२५

ती. आक्काच्या सेवेशी,
सप्रेम जय भीम वि. वि.

कोंबड्यांचं वाचून फार वाईट वाटलं. निशानं आधी सांगितलं होतं, पण तुझ्या अक्षरात वाचणं वेगळं.

चहाचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू विसरलीस की अंडी बसवण्याआधी ओल्या फडक्यानं पुसायची हे आईनं आपल्या दोघींनाही शिकवलं होतं. तिसरं अंडं पुसलं आणि फडकं चहाचं झालं. मी गच्चीवर खाली बसले. आधी हसले, मग राग आला, इतका की टोपली तशीच परत पाठवणार होते. मग फक्त दोन खरी कोंबडीखाली ठेवली आणि नवांचा रस्सा केला. निशानं दोनदा वाढून घेतला तो तुझ्याच अंड्यांचा. चहाचा वास काही लागला नाही, खोबरं भरपूर घातलं होतं.

तुला नवांचं काय झालं असं विचारलं ते मुद्दाम. तू काय लिहितेस ते बघायचं होतं. तू लिहिलेलं सगळं मी जपून ठेवलं आहे, सरपंचाच्या सुनेसकट.

आता माझंही ऐक, कारण तू एकटीच जळतेस असं तुला वाटतं. आई शेवटची चार वर्षं तुझ्याकडे राहिली. मी दोनदा गाडी घेऊन न्यायला आले. दोन्ही वेळा ती म्हणाली, कोंबड्यांना कोण बघणार. मी मोरीला कठडा बसवून घेतला होता, तिच्यासाठी खाट घेतली होती. कोंबड्यांचं निमित्त आहे, तिला तूच हवी होतीस, हे मला कळत होतं. तू दारात उभी होतीस, पदर तोंडावर धरला होतास, आणि आत हसत होतीस. मी पाहिलं. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली, वस्तीवर पाऊल टाकलं नाही ते त्यामुळे. शाळेचं तू मला मोजून सांगतेस, मला ती चार वर्षं मोजून दाखव.

रविवारी कमरुन्निसा वर आली. मी तिला सगळं सांगितलं, चहासकट. ती शिलाईची पट्टी गळ्यात तशीच ठेवून जिन्यावर बसून हसली. म्हणाली, "ये उलटी पिसांवाली तुम दो बहनांच रखो, मेरेकू बांग देनेवाला होना." कोंबडा घेऊन गेली.

तलंग तुला देत नाही, आक्का. अर्धलीनं देते. मे महिन्यापर्यंत खुराडं रिकामं ठेव, चुना मार, जुना भुसा जाळून टाक. निशा सुट्टीत येईल तेव्हा तलंगीला लस टोचून घेऊन येईल, दाखल्याचा कागदही सोबत असेल. कोंबडी माझी, अंगण तुझं. अंडी बसवशील तेव्हा पिल्लं निम्मी तुझी, निम्मी माझी, आणि पहिला हात माझा. रीत तीच आहे, तुला शिकवायला नको.

आणि अंडी ओल्या फडक्यानं पुसत जा.

लोभ निम्मा निम्मा करता येत नाही, म्हणून सगळा पाठवते.
लीला


वस्ती,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. लीला हिला आक्काचा जय भीम आन आशीर्वाद.

इतके महिने फोनवर भागवलं, कारण लिहिण्यासारखं काही झालं की मगच लिहायचं असं मी ठरवलं व्हतं. आता झालं.

तुझी कोंबडी लाडावलेली निघाली हे आधी लिहिते. निशानं सोडली त्या दिवसापासून हिला ज्वारी चालत नाय, वरणभात मागती. पाऊस आला की शेजारच्या कोंबड्या भिजतील, ही घरात येऊन खाटेखाली बसती. शहराचं वळण. शेजारच्या कोंबड्यानं अंगणात पाय ठेवला तर त्याला अशी हुसकती, की आईची आठवण येती. आईबी तशीच व्हती, सासऱ्याला सुद्धा ओसरीवरून उठवायची.

ऑगस्टमधे अंड्यावर आली, तेवढे दिवस त्या शेजारच्या कोंबड्याला जवळ येऊ दिलं. पहिलं अंडं मी कुणाला खाऊ दिलं नाय, राजकुमारला पण नाय. सप्टेंबरात खुडूक झाली. अकरा अंडी ठेवली, राखेचा खड्डा करून, कोळशाची खूण करून. पुसली. फडकं पांढरंच राहिलं. हे तुला दाखवायला ठेवलं व्हतं, सुनेनं धुतलं.

रविवारी निघाली. अकरातून नऊ. सात काळी, दोन तांबूस. पंखाला वळण हाय का नाय ते अजून मला सांगता येत नाय, माझी नजर आता अधू झाली, आन मला नाय म्हणायचंबी नाय. लस दिली, डॉक्टरच्या वहीत अंगठा नाय, सही केली.

तर वाटा. रीतीनं निम्मी तुझी. चार तुझी, चार माझी, एक उरतंय. शेजारच्या मनकर्णाबाईनं सांगितलं, उरलेलं राखणाऱ्याचं. तिला म्हणलं, तुला कुणी विचारलं. सरपंचाची सून म्हणाली, चिठ्ठी टाका. राजकुमार म्हणाला, आई, एका पिल्लाचं काय घेऊन बसलीस, मावशीला देऊन टाक. देऊन टाक! यानं कधी काही राखलंय?

मी कुणाला देणार नाय आन माझंही म्हणणार नाय. ते पिल्लू वेगळं दिसावं म्हणून त्याच्या पायात निशाच्या जुन्या रिबिनीचा धागा बांधलाय. पहिला हात तुझा, तेव्हा तू आल्याशिवाय मला चार पण उचलता येत नायत, मग नववं तर लांबच. आईच्या खाटेला नवी दोरी ओवून घेतली. ती उन्हात ओढून ठेवली हाय, बसून निवडायला बरं पडंल.

बद्रीनाथला सांगून ठेवलंय, येताना टेम्पो रिकामा आणायचा नाय, तू त्यात बसून ये. गुडघ्याचं मला माहीत हाय. टेम्पोला पाय ठेवायला मी एक पाट पाठवते.

लवकर ये. पिल्लं वाढली की मोजताना भांडण होतं, आन मी भांडायला कमी पडत नाय हे तुला ठाव हाय.

तुझी वाट बघत नाय, पण दार उघडं हाय.
आक्का